मेशेमोंडो (कथाकथन) स्पर्धेला उतरण्याआधी

हंगेरीतल्या शाळेत मूल घातलं की सप्टेंबरमध्ये कधीतरी चिठ्ठी घरी येते: लोककथाकथनाची स्पर्धा आहे, नाव द्यायचं का? ३० सप्टेंबर हा तिथला लोककथा दिन. ट्रान्सिल्व्हेनियातल्या किशबॉत्सोन गावी १८५९ साली जन्मलेल्या, लोककथा जमवून लिहिणाऱ्या बेनेदेक एलेक यांचा हा जन्मदिवस. बुडापेस्टच्या एका वाचनालयात मी मुलांचा विभाग सांभाळते. त्यामुळे तयारीची मुलं माझ्याकडेच येतात आणि अलीकडे त्यांत आपली मराठी मुलंही असतात. त्यांचे आईबाप गोंधळलेले असतात. हंगेरियन शिकून इथेच रमलेल्या विद्यार्थ्यांचीही हीच गत. म्हणून हे लिहितेय.

आधी गोष्ट निवडा, आणि निवडताना घाई करू नका. नियमात लोककथा म्हटलं असेल तर लेखकाने रचलेली परीकथा चालत नाही, मग ती कितीही गोड असो. बेनेदेक यांच्या गोष्टी लोककथाच, पण त्यांनी त्या आपल्या भाषेत घोटून घेतल्या. वाचायला सुरेख, पण ती लांब, नटलेली वाक्यं मोठ्याने म्हणताना पोरांची जीभ अडखळते. त्यापेक्षा संशोधकांनी सांगणाऱ्याच्या तोंडून टिपलेल्या गोष्टी बघा. संशोधक देग लिंडा यांनी हंगेरीतल्या कॉकॉश्ड गावात ‘पॉल्को योझेफने’ नावाच्या बाईंच्या कथा उतरवून घेतल्या. या बाई बुकोव्हिनातून विस्थापित होऊन आलेल्या सेकेय या हंगेरियन बोलणाऱ्या लोकांपैकी. १९५४ साली सरकारने त्यांना लोककलेतली ‘मास्टर’ ही पदवी दिली. अशा संग्रहांत वाक्यं तुटकी असतात, ‘म्हणाला’ दहादा येतं. छापलेलं पाहून पालक नाक मुरडतात, पण सांगायला तेच सोपं पडतं.

केच्केमेतच्या स्टुडिओने १९८० ते २०१२ या काळात लोककथांचे शंभर कार्टून भाग काढले. सुंदर आहेत, हंगेरियन कान तयार करायला जरूर दाखवा. पण स्पर्धेची गोष्ट त्यातून उचलू नका. निवेदक साबो ज्युलांचा आवाज इथल्या प्रत्येक परीक्षकाच्या कानात बसलाय. पोरगं त्यांच्या चालीवर बोलायला लागलं की पहिल्या वाक्यालाच ओळखू येतं.

आता पाठांतर. आपल्याकडच्या वक्तृत्व स्पर्धांची सवय इथे आडवी येते. बाबा शब्दन् शब्द घोकून घेतात, हात कुठे वर करायचा तेही ठरवून देतात. मग एक शब्द निसटला की गाडी जागीच थांबते. मी मुलांना आधी सांगाडा सांगायला लावते. कोंबड्याच्या हिऱ्याच्या अर्ध्या क्रॉयत्सारची गोष्ट घ्या. एका गरीब बाईच्या कोंबड्याला उकिरड्यात हिऱ्याचं नाणं सापडतं आणि तुर्कांचा बादशहा ते हिसकावून घेतो. कोंबडा कुंपणावर बसून ओरडतो, माझं नाणं परत दे! बादशहा चिडून त्याला विहिरीत टाकायला लावतो, तर कोंबडा आपल्या गळ्याच्या पोतडीला हुकूम सोडतो आणि ती सगळं पाणी पिऊन टाकते. मग भट्टीत टाकतात, तिथे तेच पाणी ओतून तो आग विझवतो. मग पोळ्यात, तिथल्या माश्या पोतडीत. शेवटी बादशहा त्याला आपल्या ढगळ विजारीतच कोंबतो, आणि मग माश्या बाहेर सुटतात. या टप्प्याला हसला नाही असा मुलगा मला अजून भेटायचाय. यात पाठ करायच्या त्या फक्त दोन ओळी: नाण्याची मागणी आणि पोतडीला हुकूम. त्या जशाच्या तशा आल्याच पाहिजेत, दर वेळी. बाकीचं मुलाने स्वतःच्या हंगेरियनमध्ये सांगावं. विहीर आधी की भट्टी, हे लक्षात राहिलं की झालं. पाण्याशिवाय आग विझत नाही, त्यामुळे क्रम चुकायचाही फारसा प्रश्न नाही.

सुरुवात आणि शेवट ठरलेले असतात. ‘होल वोल्त, होल नेम वोल्त’, म्हणजे कुठे होतं, कुठे नव्हतं, काचेच्या डोंगरांच्याही पलीकडे, तिथे एक... ‘आटपाट नगर होतं’ ऐकत वाढलेल्या मुलांना हे समजावून सांगावं लागत नाही. मराठी मुलांसाठी माझी आवडती निवड म्हणजे मिठाची गोष्ट. धाकटी राजकन्या बापाला सांगते, तुम्ही मला मिठाइतके आवडता, आणि बाप तिला घराबाहेर काढतो. ती आजीकडून ऐकलेली असली तर अर्धी तयारी झालेली असते.

उच्चारांची धास्ती सोडा. हंगेरियनमध्ये जोर कायम पहिल्या अक्षरावर, एवढं सांभाळा आणि ऱ्हस्व-दीर्घ गाळू नका. आपण ऐकलेली नसलेली एखाद्या खेड्याची बोली मात्र उसनी आणू नका. नऊवारीसारखा थाट करून मुलींना भरतकामाचे पोशाख चढवतात, तेही हौस असेल तरच करा.

स्पर्धेने लोककथा जगते का, यावर इथेही वाद आहे. मला विचाराल तर निम्मी जगते. पूर्वी सूतकताईच्या रात्री, मक्याची कणसं सोलताना, सैनिकांच्या बराकीत, मयताच्या जागरणात गोष्टी चालायच्या. बराकीत सांगणारा मध्येच ठरलेला शब्द टाकायचा, ऐकणाऱ्यांनी त्याला ठरलेलं उत्तर द्यायचं; उत्तर आलं नाही की समजायचं, मंडळी झोपली. आता पाच-सहा मिनिटांची मर्यादा, समोर टेबल, टेबलामागे तीन माणसं, आणि आपल्या मुलाचं झालं की उठून जाणारे पालक. पण निमित्त तरी उरलंय. नाचाच्या बाबतीत १९७२ साली बुडापेस्टमध्ये तान्त्सहाझ, म्हणजे लोकनृत्याचं नाचघर, सुरू झालं आणि शहरात नाचायला जागा झाली. गोष्टीला तशी जागा अजून शोधावी लागते. स्लोव्हाकियातल्या हंगेरियन शाळांमध्ये लोककथा जमवणारे इपोयी आर्नोल्ड यांच्या नावाने लोककथा स्पर्धा होते. तिथे मुलाच्या घरची भाषाच पणाला लागलेली असते, त्यामुळे सभागृह वेगळ्याच कानांनी ऐकतं.

मोठ्यांनी बुडापेस्टच्या लोकपरंपरा भवनात, म्हणजे २००१ साली सुरू झालेल्या हॉज्योमान्योक हाझॉत, पारंपरिक कथाकथनाच्या प्रशिक्षणाची चौकशी करावी. आणि मुलांचा निकाल लागल्यावर लगेच घरी पळू नका. परीक्षक चहाच्या टेबलाशी रेंगाळतात; पुढच्या वर्षासाठी कुठला संग्रह चाळावा, हे तिथे विचारा. बहुतेक जण कागदावर लिहूनच देतात.