डिझर्टेशनसाठी प्रश्नावली भरून घेताना या चुका टाळा

दरवर्षी एमएस्सी नर्सिंगच्या पोरी डेटा कलेक्शन उरकून येतात आणि दरवर्षी मी त्याच चुकांवर लाल पेन चालवते. आता लिहूनच ठेवते, म्हणजे पुढच्या बॅचला लिंक पाठवून मोकळी. मानसिक आरोग्याचा विषय घेणाऱ्यांसाठी हे जास्त महत्त्वाचं आहे, कारण बीपी चुकीचं मोजलं तर परत मोजता येतं, माणसाला चुकीचा प्रश्न विचारला की गेलं ते.

पहिली आणि माझी सगळ्यात नावडती चूक म्हणजे मोबाईलवर ट्रान्सलेट मारून टूल, म्हणजे तयार प्रश्नावली, मराठीत करणं. एका बॅचमधल्या मुलीने पीएचक्यू-९ (डिप्रेशनची लक्षणं विचारणारी नऊ प्रश्नांची प्रश्नावली) घेतलं होतं, गावातल्या साठीपुढच्या बायकांमध्ये डिप्रेशन किती ते बघायला. विषय चांगला, मुलगी कष्टाळू, प्रश्नावली योग्य आहे अशी पाच एक्सपर्टची व्हॅलिडिटी सर्टिफिकेटं फाइलला लावलेली (सगळ्यांनी इंग्रजी कॉपीच बघितली होती हे नंतर कळलं). मी सहज म्हणून तिच्याबरोबर एका घरी गेले. ही वाचते, "गरीब भूक किंवा जास्त खाणे?" (मूळ इंग्रजीत "poor appetite", म्हणजे भूक कमी लागणे.) आजी म्हणाल्या, "गरिबाला भूक लागतेच की गं बाई, रोजच लागती." आणि हिने "जवळजवळ रोज" वर टिक केली, तीन मार्क! पुढचा प्रश्न, "तुम्ही कुटुंबाला खाली सोडले आहे असे वाटणे?" (मूळ "let down", म्हणजे निराश केलं.) आजी जरा विचारात पडल्या आणि म्हणाल्या, आमचं पत्र्याचं घर हाय, वरचा मजला न्हाई. मला हसू आवरेना, मुलीला रडू. कारण तोवर चाळीसेक फॉर्म भरून झाले होते आणि गावच्या सगळ्या म्हाताऱ्या स्कोअरप्रमाणे डिप्रेशनमध्ये होत्या. सगळे फॉर्म बाद केले. ती दोन महिने माझ्याशी धड बोलली नाही.

खरं तर पीएचक्यू-९ चं मराठी व्हर्जन तयार मिळतं, तेही फुकट, पण शोधायला अर्धा तास लागतो आणि ट्रान्सलेट मारायला अर्धा मिनिट, तिथेच सगळा घोळ आहे. जे टूल मराठीत नसेलच ते एकाने मराठीत करायचं, मग इंग्रजी मूळ न बघितलेल्या दुसऱ्याने ते परत इंग्रजीत आणायचं आणि दोन्ही इंग्रजी शेजारी ठेवून बघायचं. हे सगळ्या पुस्तकांत आहे. माझी सवय त्याच्या पुढची: वॉर्डातल्या मावशींना फॉर्म वाचून दाखवते आणि विचारते, मावशी, मी तुम्हाला काय विचारलं ते तुमच्या शब्दांत सांगा. मावशी "काय की" म्हणाल्या तर तो प्रश्न परत टेबलावर. आजवर एकाही एक्सपर्टने मला मावशींइतक्या चुका काढून दिल्या नाहीत.

अजून एक, "गेल्या दोन आठवड्यांत" असं म्हटलं तर गावात कुणी दिवस मोजत बसत नाही. मी म्हणते, मागच्याच्या मागच्या बाजारापासून आजपर्यंत. छापील वाक्य बदलायचं नाही हं, समजावून सांगायचं ते सगळ्यांना एकसारखंच सांगायचं.

बाकीच्या पटापट.

पायलट स्टडी, म्हणजे आधीची छोटी चाचणी, होस्टेलच्या मैत्रिणींवर करू नका, मेन स्टडी ज्यांच्यावर आहे तसल्याच लोकांवर करा.

सुनेला प्रश्न विचारताना सासू शेजारी बसलेली असेल तर तो फॉर्म सासूचा आहे असं समजा.

पीएसएस-१० (ताण मोजायची दहा प्रश्नांची प्रश्नावली) मध्ये ४, ५, ७, ८ हे प्रश्न उलटे आहेत, म्हणजे तिथे जास्त मार्क म्हणजे कमी ताण, त्यांचे मार्क उलटे करून मग टोटल करायची. हे विसरलात की अल्फा (प्रश्न एकमेकांशी किती जुळतात ते सांगणारा आकडा) इतका खाली येतो की स्टॅटिस्टिशियन फोन करतो, आणि तुम्ही मला सांगता, मॅडम, टूलच खराब आहे. मूळ टूल १९८३ पासून जग वापरतंय!

किती माणसं घ्यायची (सॅम्पल साइझ) ते फॉर्म्युल्याने ३८४ काढायचे आणि ६० वर थांबायचं, मग मुळात ३८४ काढलेच कशाला? वेळ कमी पडणार असेल तर आधीच तसं लिहा ना.

पीएचक्यू-९ चा स्कोअर १० किंवा त्याच्या वर गेला म्हणजे "डिप्रेशन आहे" असं लिहू नका, ते स्क्रीनिंग आहे, निदान डॉक्टर करतात.

एथिक्स कमिटीचं पत्र डेटा गोळा केल्यानंतरच्या तारखेचं चालत नाही. आणि इंटरव्हेन्शन (लोकांवर काही उपचार किंवा उपक्रम करून बघणं) असेल तर सीटीआरआय, म्हणजे क्लिनिकल ट्रायलच्या सरकारी रजिस्टरवर, नोंदणीही पहिला पेशंट घ्यायच्या आधीच, १ एप्रिल २०१८ पासून मागाहून केलेली ते घेत नाहीत.

स्ट्रक्चर्ड टीचिंग प्रोग्रामबद्दल तर मी बोलणंच सोडलंय. तासभर शिकवायचं, लगेच तोच पेपर परत द्यायचा आणि मार्क वाढले म्हणून आनंद! वाढणारच की. दोन महिन्यांनी परत घेऊन बघा.

आता शेवटची, आणि ही हसण्यासारखी नाही. पीएचक्यू-९ चा नववा प्रश्न मरून जावं असं वाटतं का किंवा स्वतःला इजा करावीशी वाटते का, याबद्दल आहे. काही वर्षांपूर्वी माझ्याच गाईडशिपखाली एका मुलीने जीएनएमच्या (नर्सिंग डिप्लोमाच्या) विद्यार्थिनींमध्ये सर्व्हे केला. वर्गात फॉर्म वाटले, अर्ध्या तासात गोळा केले, गठ्ठा बॅगेत. नावं नकोत, नुसते कोड नंबर, गोपनीयता पाहिजे ना. तीन आठवड्यांनी एक्सेलमध्ये भरताना एका फॉर्मवर नवव्या प्रश्नापुढे ३ दिसला. जवळजवळ रोज. आणि ती कोण हे शोधायला आमच्याकडे काहीच नव्हतं. वॉर्डनशी बोललो, पूर्ण वर्गाला काउन्सेलरसमोर बसवलं, एकेकीशी वेगळं बोललो, कुणी काही म्हणालं नाही. ती कोण होती ते मला आजही माहीत नाही. चूक त्या मुलीची कमी आणि माझी जास्त, सिनॉप्सिसवर (अभ्यासाच्या आराखड्यावर) सही माझी होती.

तेव्हापासून माझ्याकडे असं चालतं. कोड आणि नावांची यादी वेगळ्या बंद पाकिटात, माझ्या कपाटात. संमतीपत्रातच स्पष्ट लिहायचं की या एका प्रश्नावर काळजी वाटली तर आम्ही तुमच्याशी येऊन बोलू. सायकियाट्रीच्या डॉक्टरांशी आधीच बोलून ठेवायचं. फॉर्म हातात आला की खुर्चीवरून उठायच्या आधी नववा प्रश्न बघायचा, घाई असली तरी, रिक्षा उभी असली तरी. आणि प्रत्येकीला, स्कोअर काहीही असो, टेलिमानस या मानसिक आरोग्याच्या सरकारी हेल्पलाइनच्या १४४१६ नंबरची चिठ्ठी द्यायची, म्हणजे कुणाला वेगळं काढल्यासारखं होत नाही.

हे ऐकून मागच्या बॅचमधली एक म्हणाली, मॅडम, एवढा व्याप असेल तर नववा प्रश्न काढूनच टाकला तर? काढता येतो, पण मग ते पीएचक्यू-८ झालं, त्याची टोटल २४ वर संपते आणि सिनॉप्सिसमध्ये नावही तेच लागतं. वर पीएचक्यू-९ लिहून आत आठच प्रश्न, असे दोन फॉर्म या आठवड्यात माझ्या टेबलावर आलेत.