एनडीपीएस कायद्यातील सुधारणेसाठी सांगलीतून निवेदन कसे पाठवावे

सायलोसायबिन आणि एलएसडी यांसारख्या सायकेडेलिक, म्हणजे जाणिवा तात्पुरत्या बदलणाऱ्या, द्रव्यांवरील वैद्यकीय संशोधन आणि ही द्रव्ये बाळगताना सापडलेल्या माणसाचे पुढे काय होते, हे दोन्ही विषय १९८५ च्या एनडीपीएस, म्हणजे अमली पदार्थांविषयीच्या, कायद्यात येतात. हा कायदा केंद्राचा असल्यामुळे त्यातील कलम बदलण्याचा अधिकार संसदेला आहे, जिल्हाधिकाऱ्यांना नाही. म्हणून निवेदन खासदारांच्या नावे लिहावे आणि त्याची प्रत जिल्हाधिकारी कार्यालयाला द्यावी. आपल्याकडे नेमके उलट होते: मोर्चा विजयनगरच्या जिल्हाधिकारी कार्यालयावर जातो, निवेदन देतानाचा फोटो दुसऱ्या दिवशी छापून येतो आणि विषय तिथेच संपतो.

लिहायला बसण्यापूर्वी सांगलीत हा विषय कोणत्या वातावरणात पोहोचणार आहे, याचा विचार करावा. फेब्रुवारी २०२४ मध्ये पुणे पोलिसांनी कुपवाडमधून मेफेड्रोनचा मोठा साठा जप्त केला आणि तेव्हापासून ‘एमडी’ हे नाव घराघरांत पोहोचले. मेफेड्रोन हे उत्तेजक द्रव्य आहे. त्याची गणना सायकेडेलिक द्रव्यांत होत नाही आणि उपचारांसाठी अभ्यासले जाणारे एमडीएमए हेही त्याहून वेगळे रसायन आहे. हा फरक पहिल्या परिच्छेदात दोन वाक्यांत स्पष्ट केला नाही, तर वाचणारा अधिकारी पुढचे सगळे निवेदन कुपवाडच्या चष्म्यातून वाचेल. विक्री आणि अवैध उत्पादन यांवरील शिक्षा सौम्य करण्याची आपली मागणी नाही, हेही तिथेच लिहावे.

निवेदनाचा गाभा मात्र कलम ६४-अ हा असावा, असे माझे मत आहे. कलम २७ नुसार केवळ सेवनासाठी, पदार्थ कोणता यानुसार, सहा महिन्यांपर्यंत किंवा एक वर्षापर्यंत कैद होऊ शकते. कलम ६४-अ सांगते की व्यसनाधीन व्यक्तीवर सेवनाचा किंवा अल्प प्रमाणात पदार्थ बाळगण्यासारखा आरोप असेल आणि तिने सरकारी किंवा मान्यताप्राप्त संस्थेत स्वेच्छेने व्यसनमुक्तीचा उपचार घेतला, तर तिच्यावर त्या गुन्ह्यासाठी खटला चालणार नाही. उपचार अर्धवट सोडल्यास ही सवलत काढून घेता येते. तरतूद चांगली आहे, पण तिचे दार फक्त व्यसनाधीन व्यक्तीसाठी उघडते आणि कायद्याच्या व्याख्येनुसार व्यसनाधीन म्हणजे त्या पदार्थावर अवलंबित्व असलेली व्यक्ती. सायलोसायबिन किंवा एलएसडीचे शारीरिक अवलंबित्व सहसा निर्माण होत नाही. म्हणजे वर्षानुवर्षे हेरॉइन घेणाऱ्याला उपचाराची वाट मोकळी आहे आणि कुतूहलापोटी पहिल्यांदाच सापडलेल्या महाविद्यालयीन मुलाला ती बंद आहे. परिवीक्षेवर, म्हणजे तुरुंगाऐवजी देखरेखीखाली, सोडण्याची तरतूद असलेले कलम ३९ देखील व्यसनाधीन व्यक्तीपुरतेच आहे. अल्प प्रमाणासह प्रथमच सापडलेल्या प्रत्येक व्यक्तीला समुपदेशनाचा पर्याय मिळावा, ही मागणी त्यामुळे नेमकी आणि समजण्याजोगी ठरते.

दुसरा मुद्दा प्रमाणांचा, कारण सापडलेला साठा ‘अल्प’ की ‘व्यापारी’ यावर शिक्षा ठरते. १९ ऑक्टोबर २००१ च्या अधिसूचनेनुसार गांजाचे अल्प प्रमाण एक किलो आणि व्यापारी प्रमाण वीस किलो आहे. एलएसडीचे अल्प प्रमाण दोन मिलिग्रॅम आणि व्यापारी प्रमाण शंभर मिलिग्रॅम. एप्रिल २०२० मध्ये हिरा सिंग प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने मिश्रणातील निष्क्रिय घटकाचे वजनही मोजावे, असा निर्णय दिला. एलएसडी शोषलेल्या कागदाचे वजन धरायचे की नाही, यावर न्यायालयांत वाद झाले आहेत. कागद मोजला, तर नखाएवढा एक तुकडाही अल्प प्रमाणाच्या मर्यादेपलीकडे जाऊ शकतो आणि व्यापारी प्रमाण ठरले, तर किमान शिक्षा दहा वर्षांची आहे. मोजणीची रीत स्पष्ट करावी, एवढीच मागणी इथे पुरेशी आहे.

उपचारांविषयीचा परिच्छेद लिहिताना उत्साह आवरावा. ऑस्ट्रेलियाने १ जुलै २०२३ पासून अधिकृत मनोविकारतज्ज्ञांना, उपचारांना दाद न देणाऱ्या नैराश्यासाठी सायलोसायबिन आणि आघातोत्तर तणावासाठी एमडीएमए देण्याची मुभा दिली, हे लिहावे. अमेरिकेच्या औषध नियामकाने ऑगस्ट २०२४ मध्ये एमडीएमएला मंजुरी नाकारून आणखी चाचणी मागितली, हेही लिहावे. ओरेगॉन राज्याने २०२० च्या मतदानाने अल्प प्रमाणात अमली पदार्थ बाळगणे गुन्ह्याच्या कक्षेबाहेर काढले होते आणि २०२४ मध्ये ते पुन्हा गुन्हा ठरवले, हा भाग गाळण्याचा मोह होतो. तो गाळला, तर समोरचा माणूस तेवढेच शोधून काढतो. आपल्या कायद्याच्या कलम ८ मध्येच वैद्यकीय आणि वैज्ञानिक कारणांसाठी अपवाद आहे. म्हणून मागणी नवा दरवाजा उघडण्याची नसून या अपवादाखाली संशोधनाला परवानगी मिळण्याची पद्धत सुटसुटीत करण्याची असावी.

आकडे स्थानिक हवेत. त्यासाठी पोलीस अधीक्षक कार्यालयाच्या जनमाहिती अधिकाऱ्याकडे माहिती अधिकाराखाली जोडपत्र ‘अ’ या ठरलेल्या नमुन्यात अर्ज करावा आणि त्यावर दहा रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प लावावा. महाराष्ट्राच्या नियमांनुसार अर्ज एकाच विषयाचा आणि साधारण दीडशे शब्दांच्या आतला असावा लागतो. ‘गेल्या तीन वर्षांत जिल्ह्यात केवळ कलम २७ खाली किती गुन्हे नोंदवले आणि त्यांपैकी किती प्रकरणांत कलम ६४-अ चा लाभ दिला गेला’ असे विचारावे. ‘ड्रग्जबाबत सर्व माहिती द्यावी’ असे लिहिल्यास काहीच मिळत नाही. उत्तराची मुदत तीस दिवसांची आहे आणि त्यानंतर प्रथम अपील करता येते.

सह्या गोळा करणे हे खरे कष्टाचे काम आहे. घरात लग्नाचे मूल असलेला माणूस ड्रग्ज हा शब्द असलेल्या कागदावर सही करत नाही. त्याला दोष देऊ नये. मनोविकारतज्ज्ञ, वकील, निवृत्त प्राध्यापक, व्यसनमुक्तीचे काम करणारे कार्यकर्ते यांच्याकडे आधी जावे. शेजारच्या साताऱ्यात डॉ. नरेंद्र दाभोलकरांनी सुरू केलेल्या ‘परिवर्तन’सारख्या संस्थेत काम केलेल्या लोकांचा अनुभव इथे मोलाचा ठरतो. आणखी एक खबरदारी अत्यावश्यक आहे: निवेदनात स्वतःच्या सेवनाची कबुली किंवा कोणत्याही रुग्णाची ओळख कधीही लिहू नये. कोणी स्वतःच्या नैराश्याविषयी बोलू लागले, तर त्याला सहीपेक्षा डॉक्टरांची गरज आधी आहे. टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा क्रमांक मराठीतही उपलब्ध आहे.

खासदारांमार्फत लोकसभेच्या याचिका समितीकडे जायचे असेल, तर मजकूर हिंदीत किंवा इंग्रजीत असावा, किंवा मराठीसोबत तसा अनुवाद स्वाक्षरीसह जोडावा. प्रत्येक सहीखाली पूर्ण नाव आणि पत्ता लागतो, भाषा संयमित लागते आणि याचिकेला कात्रणे किंवा इतर कागद जोडता येत नाहीत. खासदारांना दिलेल्या साध्या निवेदनाला हे बंधन नाही. तिथे माहिती अधिकारातून मिळालेले उत्तर जरूर जोडावे, आणि संपर्क कार्यालयातून बाहेर पडण्यापूर्वी आपल्या प्रतीवर तारखेसह पोच घ्यावी. पाठपुराव्याच्या पत्रात तीच तारीख नमूद करून, येत्या अधिवेशनात कलम ६४-अ च्या वापरावर लेखी प्रश्न विचारावा, अशी स्पष्ट विनंती करावी.