पाईप वाकवताना चपटा होतो? आधी खाचेचं माप बघा

२० मिमी कंड्युइटच्या (विजेच्या तारा घालायच्या नळीच्या) बेंडरमध्ये, म्हणजे पाईप वाकवायच्या अवजारात, १५ मिमीचा तांब्याचा पाईप घातला की तो बाकावर हमखास चपटा होतो. दोष जोराचा नसतो, बेंडरमध्ये पाईप बसतो त्या खाचेचा असतो. खाच सैल असली की पाईपच्या बाजूंना आधार मिळत नाही, त्या फुगतात आणि आतल्या अंगाला सुरकुती पडते. व्हाइसमध्ये धरून वाकवलात तर जबड्याच्या कडेवरच मोडेल.

बेंडर नेहमी पाईपच्या बाहेरच्या व्यासाचाच घ्यावा. तो नसेल आणि एखादाच बाक काढायचा असेल, तर वाळूचा उपाय चालतो:

१. एक टोक लाकडी खुंटीने बंद करा. बारीक, पूर्ण कोरडी वाळू भरा. भरताना पाईप ठोकत राहा, पोकळी राहिली तर नेमका तिथेच दबेल. मग दुसरं टोक बंद करा.
२. लाकडी गोल ठोकळ्याभोवती हळूहळू वाकवा. बाकाची त्रिज्या व्यासाच्या किमान चौपट ठेवा, म्हणजे १५ मिमीला ६० मिमी. सोडल्यावर पाईप थोडा परततो, म्हणून दोन-तीन अंश जास्त वाकवा.
३. वाळू ठोकून काढा आणि पाईप पाण्याने धुवा. एक कणही व्हॉल्व्हमध्ये अडकतो.

कडक तांबं असेल तर वाळू भरण्याआधी बाकाची जागा मंद लाल होईपर्यंत तापवून थंड करा. वाळू भरलेला, टोकं बंद केलेला पाईप मात्र कधीच तापवू नका. ओल राहिली असेल तर वाफेच्या दाबाने खुंटी गोळीसारखी उडते.