मोठेपणी कांजण्यांची लस घ्यायची तर आधी टेस्ट करावी का?

माझ्या जावेला बाळाचा विचार करायचा होता, डॉक्टर म्हणाल्या कांजण्या येऊन गेल्यात का ते आधी बघा, झालं, आमच्या सांगलीच्या घरात दिवसभर तीच चर्चा. लहानपणी कायतरी आलं होतं म्हणे, पण गोवर का कांजण्या ते कुणाला आठवेना.

तर पहिलं काम, आईला नाहीतर मावशीला फोन लावा. नुसतं "आल्या होत्या का" विचारू नका, पाण्याचे फोड होते का, खाज होती का, काही फोड नवे आणि काही खपली धरलेले असं एकदमच होतं का ते विचारा, कारण गोवरात लाल पुरळ येतं, पाण्याचे फोड नसतात. "लिंबाच्या पाल्यावर झोपवलेलं की, कपाळावरचा खड्डा त्याचाच" असं उत्तर आलं तर बहुतेक वेळा टेस्ट पण नको आणि लस पण नको. दोन डोस झाल्याचं जुनं कार्ड सापडलं तरी तेच. पण ही लस सरकारी लसीकरणात नाही, त्यामुळं कार्डावर असेलच असं नाही.

काहीच कळेना तर लॅब. चिठ्ठीवर व्हॅरिसेला आयजीजी (म्हणजे कांजण्यांविरुद्धची प्रतिकारशक्ती अंगात आधीच आहे का ते बघणारी रक्ताची टेस्ट) लिहिलंय ना ते स्वतः वाचा. आमच्या लॅबवाल्यानं आयजीएम केली, ती आत्ता आजार चालू आहे का हे बघायला असते, परत मिरजेला जाऊन रक्त द्यावं लागलं. आयजीजी पॉझिटिव्ह आली तर विषय संपला. निगेटिव्ह आली तर दोन डोस, मध्ये ४ ते ८ आठवडे. टेस्ट न करता थेट लस घेतली आणि आधीच कांजण्या येऊन गेलेल्या निघाल्या तरी त्यानं अपाय होत नाही.

पण लस जिवंत विषाणूची आहे, गरोदरपणात अजिबात नाही, आणि डोसनंतर निदान महिनाभर दिवस जाऊ द्यायचे नाहीत, काही डॉक्टर तीन महिने सांगतात. केमो किंवा जास्त स्टेरॉइड चालू असेल तर आधी डॉक्टरांना विचारा.

लसीनंतर परत आयजीजी करत बसू नका हां, लसीनं आलेल्या अँटीबॉडी नेहमीच्या टेस्टला बऱ्याचदा सापडत नाहीत आणि उगाच जीव टांगणीला लागतो.

घरात कुणाला कांजण्या निघाल्या तर ज्यांना आल्या नाहीत त्यांनी ३ दिवसांत, फार तर ५ दिवसांत लस घेतली तर फायदा होऊ शकतो. गरोदर बाई असेल तर त्याच दिवशी डॉक्टरांना फोन.

नागिणीच्या फोडातून पण कांजण्या होतात, हे आम्हाला उशिरा कळलं. जावेचा पहिला डोस होतोय तोवर सासूबाईंना पाठीवर नागीण, मग खपल्या धरेपर्यंत त्यांचे कपडे मीच धुतले, मला चौथीत येऊन गेल्यात.