आयाम दुप्पट, तर तीव्रता चौपट: हिशोब कसा लावायचा

लातूरला बारावीच्या पोरांना फिजिक्स शिकवताना एक चूक दरवर्षी हमखास दिसते. ध्वनीचा आयाम दुप्पट केला, की तीव्रताही (म्हणजे दर सेकंदाला एक चौरस मीटरमधून जाणारी ऊर्जा) दुप्पट लिहून पोरं मोकळी! म्हणून मी आधी घरची चाळणी हातात घ्यायला लावतो.

चाळणीत दोन मुठी ज्वारी टाका आणि हलवा. मधल्या जागेपासून चाळणी एका बाजूला जितकी सरकते, तो आयाम. या टोकापासून त्या टोकापर्यंतचं अंतर नव्हे; निम्मे मार्क इथंच जातात. सेकंदाला जितके फेरे होतात ती वारंवारता, एकक हर्ट्झ.

आता पल्ला तोच ठेवून फेरे दुप्पट करा. तेवढंच अंतर निम्म्या वेळात कापायचं, म्हणजे वेग दुप्पट. नंतर फेरे पहिल्याइतकेच ठेवून पल्ला दुप्पट करा. तेवढ्याच वेळात दुप्पट अंतर, म्हणजे वेग पुन्हा दुप्पटच. दोन्ही वेळा मनगट भरून येतं. गतिज ऊर्जा वेगाच्या वर्गाप्रमाणे वाढते, म्हणून दोन्हीकडे चौपट. आवाज जाताना हवेचे कणही असेच मागेपुढे हलतात. ध्वनीची तीव्रता आयामाच्या वर्गाच्या आणि वारंवारतेच्या वर्गाच्या प्रमाणात असते, ती यामुळेच.

आकडे घालून बघा. २५६ हर्ट्झचा स्वर, हवेच्या कणांचा आयाम १ मायक्रोमीटर (केसाच्या जाडीचा पन्नासावा भागही नाही). तीव्रता येते सुमारे ८७ डेसिबल. आयाम २ मायक्रोमीटर केला तर ९३. चौपट तीव्रता म्हणजे फक्त ६ डेसिबलची वाढ. कानाला आवाज चौपट मोठा वाटत नाही.

गोंधळात संबळ ऐकताना दोन गोष्टी ताडून बघा. जोरात वाजवलं की आयाम वाढतो. स्वर चढा की खालचा, हे वारंवारता ठरवते. लहान तोंडाचा भाग चढा वाजतो, तो जोरात मारल्यामुळे नव्हे. आणि उघड्यावर, भोंगा नसताना, दुप्पट लांब जाऊन बसलात तर तीव्रता साधारण चौथाई उरते.

प्रकाशाला मात्र हा नियम जसाच्या तसा लावू नका. तिथं आयाम विद्युत क्षेत्राचा असतो, तीव्रता त्याच्या वर्गावर ठरते आणि सूत्रात वारंवारता वेगळी येत नाही.

जाता जाता एक गणित. ध्वनीचा आयाम तिप्पट, वारंवारता निम्मी. नऊला चारने भागा: तीव्रता सव्वादोनपट.