लघवीला आग होतेय? नुसतं 'उन्हाळी लागली' म्हणून सोडू नका
आपल्या कोल्हापुरात ऊन तापलं की घरोघरी हेच, उन्हाळी लागलीय, धन्याजिऱ्याचं पाणी पी. पाणी कमी पडून जळजळ होत असेल तर पाणी पिऊन थांबतेही, पण सारखं जावं लागतंय आणि गेलं की चार थेंब, ओटीपोटात दुखतंय, लघवी गढूळ नाहीतर लालसर दिसतेय, तर मूत्राशयाचं इन्फेक्शन असू शकतं, डॉक्टरांना दाखवाच.

बहुतेक वेळा ई. कोलाय हा आतड्यातला जंतू याला कारण असतो, म्हणून तर शौचानंतर बायकांनी पुढून मागे धुवायचं.

डॉक्टरांनी लघवी तपासायला सांगितली तर सॅम्पल नीट द्या, इथंच लै जण चुकतात. लॅबची निर्जंतुक डबी घ्या, जागा पाण्यानं धुवा, पहिली धार सोडून मधली डबीत धरा, डबीला आतून बोट लावू नका आणि तासाभरात पोचवा. कल्चरला, म्हणजे लघवीतला जंतू वाढवून ओळखायच्या तपासणीला, २-३ दिवस लागतात आणि ते सॅम्पल अँटिबायोटिक सुरू करायच्या आधी द्यायचं. मेडिकलमधून मनानं गोळी आणू नका, अन् बरं वाटलं म्हणून कोर्स मध्येच सोडू नका.

थंडी वाजून ताप, कुशीत किंवा पाठीत दुखणं, उलट्या म्हणजे इन्फेक्शन किडनीपर्यंत गेलं असेल, रात्र असली तरी सीपीआर हे आपलं सरकारी हॉस्पिटल नाहीतर जवळचा दवाखाना गाठा. गरोदर बाई, शुगरवाले, लहान पोरं, पुरुष यांनी तर पहिल्याच दिवशी दाखवायचं.

आणि बायांनो, सीबीएस स्टँडवरनं पुण्याची एसटी धरायची म्हणून पाणीच प्यायचं नाही, हे खरंच बंद करा, पाणी प्या आणि गाडी थांबली की जाऊन या.