द्राक्षांच्या वजनकाट्यासाठी बदलत्या गेनचा अॅम्प्लिफायर

पिंपळगाव बसवंत किंवा दिंडोरीच्या पॅकिंग शेडमध्ये द्राक्षांचे क्रेट तोलणारा काटा बनवायचा असेल, तर लोडसेलचा, म्हणजे वजनाचे विद्युत सिग्नलमध्ये रूपांतर करणाऱ्या सेन्सरचा, सिग्नल किती क्षीण असतो, हे आधी ध्यानात घ्यावे. पुरवठ्याच्या प्रतिव्होल्ट २ मिलिव्होल्ट देणारा ५० किलोचा लोडसेल ५ व्होल्टवर चालवला, तर पूर्ण भाराला त्यातून अवघे १० मिलिव्होल्ट निघतात. पुढच्या एडीसीला (सिग्नलचे आकड्यांत रूपांतर करणाऱ्या चिपला) २.५ व्होल्ट हवे असतील, तर २५० पट गेन, म्हणजे सिग्नलची वाढ, लागतो, आणि दोन लोडसेल तंतोतंत सारखे नसल्याने तो थोडा कमीजास्त करता यायला हवा. मात्र गेनचा पल्ला गरजेपेक्षा मोठा ठेवू नये, असे माझे ठाम मत आहे.

एलएम३५८ हा साधा ऑपअॅम्प (सिग्नल वाढवणारी चिप) येथे टाळावा, कारण त्याचा ऑफसेटच, म्हणजे इनपुटची अंगभूत चूकच, काही मिलिव्होल्ट असू शकतो. एडी६२० हा इन्स्ट्रुमेंटेशन अॅम्प्लिफायर (दोन तारांमधला फरक तेवढा वाढवणारी चिप) ±५ व्होल्टवर वापरावा. त्याच्या १ आणि ८ क्रमांकाच्या पिनांमध्ये जोडलेला एकच रेझिस्टर गेन ठरवतो: ४९,४०० ओहमला त्या रेझिस्टरच्या मूल्याने भागून १ मिळवावा. २५० गेनसाठी सुमारे १९८ ओहम लागतात.

तेथे ५०० ओहमचा प्रीसेट (स्क्रूने मूल्य बदलता येणारा रेझिस्टर) लावून मोकळे होण्याचा मोह आवरावा. निफाड परिसरात हिवाळ्याच्या पहाटे पारा ५ अंशांपर्यंत उतरतो आणि एप्रिलमध्ये दुपारी ४० अंशांपर्यंत चढतो. प्रीसेट दर अंशाला १०० पीपीएमने (दहा लाखांत १०० भागांनी) सरकणारा असेल, तर ३५ अंशांच्या फरकात गेन ०.३५ टक्के बदलतो, म्हणजे ५० किलोला १७५ ग्रॅम. त्याऐवजी १८० ओहमचा, २५ पीपीएमचा मेटल फिल्म रेझिस्टर आणि त्याच्याशी सिरीजमध्ये ५० ओहमचा मल्टिटर्न (अनेक फेऱ्यांचा) प्रीसेट घेतला, तर गेन साधारण २१६ ते २७५ एवढाच हलतो आणि या दोन घटकांमुळे येणारी चूक ५५ ग्रॅमच्या आसपास राहते. चिपचा स्वतःचा तापमानबदल यात धरलेला नाही. तो डेटाशीट पाहून वेगळा मिळवावा. शिवाय २५ फेऱ्यांच्या प्रीसेटमध्ये एका फेरीला २ ओहम, म्हणजे जेमतेम १ टक्का गेन बदलत असल्याने स्क्रूड्रायव्हरने नेमके जुळवता येते.

प्रीसेटची मधली पिन टोकाच्या एका पिनेशी जोडावी. त्यामुळे धुळीने आतला संपर्क तुटला तरी पूर्ण ५० ओहम सर्किटमध्ये राहतात आणि गेन २१६ वर थांबतो.

जुळवणी काटा अर्धा तास चालू ठेवून करावी. रिकाम्या ताटलीवर आधी शून्य लावावे. त्यासाठी ५ क्रमांकाच्या रेफरन्स पिनेला द्यायचे व्होल्टेज ऑपअॅम्प बफरमधूनच (व्होल्टेज न बदलता पुढे देणाऱ्या ऑपअॅम्पमधूनच) द्यावे, कारण त्या पिनेच्या वाटेत रेझिस्टर आला की दोन्ही तारांवर सारखाच येणारा गोंगाट रोखण्याची चिपची क्षमता घटते. मग प्रमाणित वजन ठेवून गेन लावावा, शून्य पुन्हा तपासावे आणि दोन्ही स्थिर होईपर्यंत हा क्रम चालू ठेवावा. काटा खरेदी-विक्रीसाठी वापरायचा असल्यास वैधमापनशास्त्र विभागाकडून पडताळणी व मुद्रांकन झाल्याशिवाय तो शेडमध्ये लावू नये.